फुटाला एक सूत

उद्यमबागेत, आमच्या शेडमध्ये
इटलीची मशीन उतरली त्या आठवड्यात
भरमाण्णा कंग्राळकरांनी रंधा पुसला,
तेल लावलं, फडक्यात गुंडाळून ठेवला.
कुणी सांगितलं नव्हतं.

मशीनबरोबर आला तार्चीझिओ,
पन्नाशीचा, ब्रेशियाकडच्या कुठल्याशा दरीतला.
त्याचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेपुरतं.
भरमाण्णांचं बेळगावी मराठी, त्यात कानडी चिमूटभर,
राग मात्र सगळा कानडीत.
मधे मी. पगार ड्रॉइंगचा, काम दुभाष्याचं.

तिसऱ्या दिवशी त्याला फळीवर सापडली
सागवानी पट्टी, हाताळून कडा काळ्या झालेली.
खिशातला टेप त्याने तिच्यावर ताणला.
पट्टीवरचा फूट
खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
तो हसला नाही.

"सांग की त्याला," भरमाण्णा म्हणाले,
"बीड थंड होताना आटतंय.
म्हणून लाकूड आधीच वाढवून धरायचं,
फुटाला एक सूत.
न्हाईतर पंप घरात बसायचा न्हाई बघ."

मी तोंड उघडलं, त्याने हात वर केला.
ठाऊक होतं. त्याच्या वडिलांची अशीच होती,
नासपतीच्या लाकडाची.
वडिलांच्या दुकानात आता कॉफी मिळते,
रंधे, पटाशा भिंतीला टांगल्यात
गिऱ्हाइकांनी फोटो काढावेत म्हणून.
आणि त्या पट्टीला एक शब्द होता,
इटालियन नव्हे, त्यांच्या दरीतला,
तो काही केल्या आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत बहिणीला फोन लावून
तो पत्र्याखाली येरझाऱ्या घालत राहिला.
तिलाही आठवेना.
मग परत येऊन आम्हालाच विचारलं,
तुम्ही काय म्हणता हिला?
"आटपट्टी."
त्याने वहीत लिहून घेतलं त्याच्या अक्षरांत.
त्याच्या तोंडी ट चा त झाला.

मी इथे सहा वर्षं,
संगणकातल्या चौकोनात रोज एक टक्का भरते.
मलाही तो शब्द त्याच दुपारी कळला.

शनिवारी त्याला कुंदा दिला.
दूधच, म्हटलं, आटवून आटवून.
तो वैतागला : इथे सगळंच आटतं की काय?
"आटलेलं सगळं वाईट नसतंय की," भरमाण्णा म्हणाले
आणि स्वतःला दुसरी वाटी घेतली.

सोमवारी मशीनने पहिला पॅटर्न कोरला.
भरमाण्णांचे नऊ दिवस, तिची चाळीस मिनिटं.
त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा.
"बरोबर हाय," म्हणाले,
न विचारता ठरलेल्या जावयाबद्दल म्हणावं तसं.
त्या ऑर्डरवर अठरा घरं चालतात.
त्यातलं एक माझं.

घरी मुलगा
इंग्रजीत बेरजा, कानडीत कविता पाठ करतो.
मी "काय करूलालास रे?" विचारलं
की मित्रांसमोर लाजतो.
मी तरीही बोलते, लागेल त्यापेक्षा जरा जास्त,
एखादी शिवी, एखादी म्हण वरकड,
त्याच्या बाहेरच्या थंडीचा हिशेब धरून.
बिडाला फुटाला एक सूत, हे ठरलेलं.
जिभेला किती, ते भरमाण्णांनाही ठाऊक नाही.
मी अंदाजाने धरते.