एकच बार

शालन तिरोडकर आली तेव्हा दुपारचे दोन,
मी एका खलाशाची छत्री शिवत होतो.
वेंगुर्ल्यात बंदूक हल्ली महिन्याला एखादी,
चूल छत्र्यांवर.
तिच्या काखेत चटईची गुंडाळी, गुंडाळीत ती.

"मामंजी गेले शिमग्यात. परवानो तेंच्या नावाचो.
कागदार किंमत लिवन व्हयी, पास्कूबाब.
मोडकी आसा. एकच बार काढता, मगे गप."

उलगडली तसा आधी वास आला.
खोबरेल. चाळीस वर्षांचं, पिवळं, घट्ट.
केसांना, बिजागरीला, गुडघ्याला
आपल्याकडे एकच औषध.
रॉकेलचा बोळा फिरवत गेलो.

बारा बोअर. एक नळी. घोडा बाहेर नाही.
एवढ्यावर बहुतेक बंदुका आपलं कूळ सांगतात.
पण हिच्या माथ्यावर, जिथे काहीच नसायला हवं,
पोलादाची लांबट पाठ, कुर्लीसारखी,
बोटाने ओढली तर कुरकुरत मागे येणारी.
बापाच्या वहीत सातशे बंदुकांची चित्रं आहेत.
हिचं नाही.

नळी ठाम. मी पाहिलेल्या आपोआप भरणाऱ्या
बंदुकांची नळीच आत जाते,
कासवाच्या मानेसारखी.
मग वायूचं भोक शोधलं,
सुईएवढंही सापडलं नाही.
दुसरं काडतूस वर चढतं
ते कुणाच्या जिवावर?

भिंगाखाली, गंजाच्या पोटात, एक अक्षर:
ओ, डोक्यावर दोन टिंबं.
कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातलं.
बाकी नाव खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं.
"गोयच्या कोणा सायबान दिलान," शालन म्हणाली,
"चार पेटी हापूस घेवन."

तीन दिवस ती माझ्या बाकावर सुटी पडून होती.
चौथ्या दिवशी बंदरावर
सुरमईवाल्यांची होडी धक्क्याला आदळली
आणि नाळेवर उभा पोरगा तोंडावर गेला.
होडी थांबली, तो थांबला नाही.
मी तिथून घरी जवळजवळ धावलो, या वयात.
आतल्या दोन तुकड्यांमधली ती जाड स्प्रिंग!
बार होतो, बंदूक मागे उडते,
एक तुकडा आपल्या जागी राहायला बघतो,
स्प्रिंग दबते,
आणि दबलेली स्प्रिंग सगळं काम करते.

शनिवारी दुकानामागे, वाळूच्या खड्ड्यात.
अनोळखी बंदुकीचा पहिला बार दोरीनेच काढायचा,
हा बापाचा नियम.
माडाला करकचून आवळली, लांबून दोरी ओढली.
धाड्.
मग गप.
"बघा, तशीच!" शालन म्हणाली.
"मामंजी पण गडग्याक टेकवन मारीत.
कलमावरसून पडलेले मा, खांदो उतारललो,
धक्को सोसा नसे."

मी दोरी सोडली.
दस्ता खांद्याला लावला, सैल, माझ्या बाजूने मागे जागा ठेवून.
धाड्. पाठ सरकली, रिकामं टरफल उडालं,
दुसरं आत.
धाड्.
तिसरं आत.
खाडीपलीकडचे बगळे उठले.

चाळीस वर्षं माकडं एका बारानंतर
निवांत परत येत असणार, आंब्यावर.

ती टरफलं वेचत राहिली, गरज नसताना.
मी हिशोब मांडत होतो मनात:
असली नमुन्याची चीज, सुटे भाग मूळचे, लाकूड अक्रोडाचं.
मुंबईचा शौकीन किती देईल,
रत्नागिरीचा वकील किती.
आकडा मोठा होता. मी तो बोलणार, इतक्यात
"मोडकीच लिवा," ती म्हणाली.
"घरात दोन दीर आसत. एका गडग्यावरसून
वर्षभर बोलणा नाय."

बंदुकीबद्दल मी कधी खोटं लिहिलं नाही.
पेन उघडलं, बंद केलं, शाई बघितली.
मग 'अवस्था' या रकान्यात सावकाश लिहिलं:
मालक वापरीत तेव्हा एकच बार निघे.
किंमत: भंगाराच्या भावाने, वजनावर.

तिने कागद घडी घालून चोळीत खोचला.
माझी मजुरी विचारली.
मी म्हटलं, ते तिसरं टरफल ठेव इथे.
आणि खोबरेल लावू नकोस आता.