रिमोट कुणाकडे

मडगावहून एक पोरगा घेऊन आला, खोक्यासकट.
दोन दिवस वापरून बघा म्हणाला,
नाही पटली तर परत नेतो.
तीन चाकं, पोटात बॅटरी,
आणि माझ्या तळहातात मावेल एवढा रिमोट:
चार बाण, मधे लाल बटण.

एकतीस वर्षं मी मुरगाव बंदरात पायलट होतो.
दोरीच्या शिडीने जहाजावर चढायचं,
कप्तानाशेजारी उभं राहून नुसतं बोलायचं.
डेड स्लो अहेड. स्टारबोर्ड दहा.
सुकाणूला कधी हात लावला नाही.
साठ हजार टन खनिज माझ्या शब्दावर वळायचं,
पण लगेच नाही.
सांगितल्यावर जहाज आधी थोडा विचार करतं.
त्या मधल्या वेळात गप्प उभं राहण्याचा
पगार मिळायचा मला.

ट्रॉली विचार करत नाही.
बाण दाबला की निघते.
मोबोरला पहिल्या होलवर ती पुढे, मी मागे,
माझ्या मागे इनास, दोन्ही हात मोकळे.
ते ठेवायचे कुठे, त्याला कळेना.
आधी खिशात घातले, मग पाठीमागे बांधले,
शेवटी माझी छत्री मागून घेतली.

नऊ वर्षं इनास माझी बॅग वाहतोय.
चौदा क्लब, त्यातले मी वापरतो सहा.
उरलेले आठ तो माझ्या अब्रूसाठी वाहतो.
चेंडू माडांत गेला की म्हणतो, "मेळटलो."
आणि मिळतो.
कधी कधी त्याच्याच खिशातून मिळतो, असा मला संशय आहे.
दिवाळीपासून सातव्या होलवर तो खांदा बदलतो.
बोलत काही नाही.
मीही तेव्हा बेतूलचे ट्रॉलर मोजत असतो.

खांदा वाचवायचा, तर खांद्याचं काम जातं.
काम ठेवायचं, तर खांदा.
ट्रॉली एक लाख दहा हजार,
इनासचे एका फेरीचे सहाशे.
भागून पाहिलं: एकशे त्र्याऐंशी फेऱ्या,
आठवड्याला दोन धरल्या तर पावणेदोन वर्षं.
मग ते पान फाडलं,
आणि फाडलेलं हेमांगीला सापडलं.
ती एवढंच म्हणाली,
इथल्या खाऱ्या वाऱ्यात आपला फ्रिज सहा वर्षं टिकत नाही,
ह्या बयेचं काय घेऊन बसलात?
आणि डिकीत ती उचलून ठेवणार कोण?
(इनास. काल त्यानेच ठेवली.)

पाचव्या होलवर उतार आहे, खाली तळं.
गवत ओलं होतं.
मी लाल बटण वेळेवर दाबलं, शपथेवर सांगतो,
चाकं थांबलीही,
पण थांबलेली चाकं घसरतच गेली.
तोंडातून निघालं, फुल अस्टर्न!
चार बगळे उडाले.
ट्रॉली आसापर्यंत पाण्यात, पुटर वर,
बुडत्याने हात काढावा तसा.

इनासने पँट दुमडली, उतरला,
ओढून वर आणली.
"जड आसा," म्हणाला. "बॅगेपरस."
हात पुसले, पुढे केला.
"बाब, हें म्हाका दी."

दिला.

सहाव्या होलपासून तो चालवत होता
आणि मी बाजूने मोकळा.
उजवीकडे घे, म्हटलं.
वळली. पण लगेच नाही.
आधी इनासने माडांकडे पाहिलं,
वारा पाहिला, माझा गुडघा पाहिला,
आणि मग बाण दाबला.
त्या मधल्या वेळात
मी पुन्हा गप्प उभा होतो, जुन्या सवयीने,
खाली पाणी असल्यासारखा.

सातव्याला त्याने खांदा बदलला,
वर काही नसताना.

उद्या सकाळी पोरगा येईल,
ट्रॉली न्यायला नाहीतर चेक न्यायला.
बॅटरी फ्रिजशेजारी चार्ज होतेय.
हेमांगी विचारते, ठरलं का?
मी रिमोट शोधतोय.
टेबलावर नाही, गाडीत नाही.
इनास तर केव्हाच स्कूटरवरून असोळण्याला गेला.
फोन केला तर काय म्हणेल, मला माहीत आहे.