फसकी

गाळा क्रमांक एकशे चौदा, सेक्टर पंधरा, बेलापूर.
भाडेकरू : कुंदा मधुकर भोईर.
धंदा : दात.

म्हणजे मी दात करते. आधी मेणाचे, मग प्लास्टरात, मग खरेखुरे.
खायचे आणि दाखवायचे एकच,
एवढीच माझी जाहिरात.

या महिन्याचं बिल दाराखालून आलं, एक कोपरा दुमडलेला.
सामाईक खर्चातला वाटा, चार हजार आठशे साठ.
लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, रात्रीचा वॉचमन.
ते मला दिसतात. वॉचमन झोपलेला दिसतो,
पण दिसतो.
खाली मात्र एक नवी ओळ :
प्रशासकीय खर्च, पंधरा टक्के, सातशे एकोणतीस.
आणि या सगळ्यावर जीएसटी.
एकूण सहा हजार पाचशे पंच्याण्णव रुपये
दोन पैसे.

लिफ्टला निदान माझं वजन माहीत आहे.
या ओळीला काय माहीत आहे माझं?

सातव्या मजल्यावर गेले, जिन्यानं, लिफ्ट बंद होती.
मॅनेजर साइटवर. साइट म्हणजे कुठली,
तर हीच इमारत.
टेबलाशी हर्षाली, ओठांवर हात धरून बोलणारी.
"मॅडम, हा खर्च मोजायचा खर्च आहे."
म्हणजे पंप बिघडला तर तुमचंही वाढतं?
"टक्केच आहेत ना. पंप महागला की आम्ही महागतो."
हसली, आणि हात सरकला.
वरचा, डावीकडून दुसरा. मुळापासून गेलेला.
रंग ए-टू, चहा फार असेल तर ए-थ्री.
माझी मेली नजर तिथेच बसली,
व्हाउचरं बघायची राहिली.

बाबा दिवाळ्याच्या मिठागरावर होते.
मीठ मोजायला मापारी यायचा,
मापामागे एक फसकी स्वतःच्या पिशवीत.
बाबा म्हणायचे, घाम आपला, आकडा त्याचा,
आणि आकड्यालाही पोट असतं.
शिलोत्र्यानं त्याला पंजा बघून ठेवलाय,
असंही म्हणायचे, पण हळू.

तो पंजा तरी डोळ्यांसमोर भरायचा, डोळ्यांसमोर मिटायचा.
हर्षालीचा पंजा एवढासा, बोटाला स्टॅम्पची शाई.
तिच्या खुर्चीला एक चाक नव्हतं,
जुन्या बिलांच्या गठ्ठ्यावर टेकवली होती ती.
सातशे एकोणतीसातले तिच्यापर्यंत किती पोचतात
हे मी विचारलं नाही. उतरताना प्रत्येक मजल्यावर
विचारावंसं वाटलं.

आणि मी कोण मोठी शहाणी?
कालच नेरूळला एक कवळी पाठवली,
बिलात 'पॅकिंग व इतर', ऐंशी रुपये.
इतर म्हणजे काय, डॉक्टरांनी विचारलं नाही.
ते पेशंटला लावतील.
पेशंट कुणाला लावणार?
तो चावेल, माझ्याच दातांनी.

रात्री फोनवरून भरले :
सहा हजार पाचशे पंच्याण्णव.
दोन पैसे ठेवून घेतले.
येऊ दे पुढच्या बिलात, मागील बाकी शून्य पूर्णांक शून्य दोन,
लावा त्यावर पंधरा टक्के,
मोजायला माणूस ठेवा.
तोवर ही माझी.
चिमटीतही न मावणारी, पण माझी
फसकी.