सत्तावीस सेकंद

रात्री दोन चाळीस. खामल्याच्या ऑफिसात
कूलरचं पाणी संपलंय, नुसती गरम हवा फिरतेय,
आणि माझ्या कानात एक डॉक्टर बोलतोय
जिथं अजून कालची दुपार आहे.

राज्याचं नाव सांगणार नाही,
करारात तसं कलम आहे. दक्षिणेत, एवढं पुरे.
अकरा वर्षं मी त्याच्या तोंडची वाक्यं टाइप करते.
चेहरा पाहिला नाही,
पण खोकल्यावरून तिकडचा ऋतू कळतो.

रुग्ण, वय एकोणतीस. अठरावा आठवडा.
पाणी गेलेलं. ताप शंभर पूर्णांक चार.
इथवर नेहमीसारखा, गडगड.
मग ज्या जागी पूर्वी एक शब्द यायचा
(मी तो शॉर्टकटवर ठेवला होता,
दोन कळा दाबल्या की झाला)
तिथं तो थांबला.
सत्तावीस सेकंद.
मागे ट्रॉलीचं चाक. दार. कुणीतरी नाक ओढलं.
मग: कायदा विभागास फोन केला आहे.
निरीक्षण सुरू ठेवावे.

शेजारची प्रणोती खोब्रागडे म्हणते,
"काहून थांबला वं हा? लाइन गेली काय?"
"नाही. वकील जेवायला गेला असेल."

शांतता टाइप करायची नसते.
पैसे ओळीचे मिळतात.

सव्वातीनची फाइल. ताप एकशे दोन.
नवऱ्याने विचारले, शेजारच्या राज्यात न्यावे काय.
अंतर साडेतीनशे मैल.
मी सवयीनं किलोमीटर करते:
इथून हैदराबाद, आणि वर साठ.
कारमध्ये, टॉवेल अंथरून.

हद्द मला माहीत आहे.
माझा मामा सिंदी रेल्वेचा. वर्धा जिल्हा, दारूबंदी.
शनिवारी पॅसेंजर धरून बुटीबोरीला यायचा.
परतताना डब्यात मोठ्यानं गायचा
आणि बोरखेडी गेलं की एकदम गप्प, ताठ,
जसा कीर्तनाहून येतोय.
"तिकडं मी गिऱ्हाईक, पोट्टे, इकडं गुन्हेगार.
मधात फक्त एक नाला हाये."
आम्ही लोटपोट हसायचो.
मामाला ताप नव्हता.

आणि धंतोली. माझा एकोणिसावा आठवडा.
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तीही कायदाच. का लावावी लागली
ते माझ्या मोठ्या जावेला विचारा, ती सांगणार नाही.
माझी सही घेतली, नवऱ्याचीही घेतली;
त्याची लागत नाही, हे मला खूप नंतर कळलं.
डॉक्टरबाई म्हणाल्या, ताप चढू द्यायचा नाही,
आणि हात धुवायला गेल्या.
नळाचा आवाज. तेवढाच वेळ.
दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ऑटोत उशी ठेवली होती,
वळून न बघता.

शब्द ऐकू आला नाही तर
पाच आडव्या रेघा मारायच्या, असा नियम आहे.
मी त्या सत्तावीस सेकंदांच्या जागी मारल्या.
क्वालिटीच्या धकातेनं फाइल परत पाठवली:
मॅडम, इथं शब्दच नाही. रेघा काढा.
काढल्या.

तिसरी फाइल माझ्याकडे आली नाही.
वाटप मशीन करतं, मनिलाला गेली असेल.
तिथं कुणी बाई बसली असेल, कानात तोच खोकला,
तिला आधीचं काही माहीत नसेल.

सहाला सुटले. चौकात तर्री उकळत होती.
बाकावर दोघं फोनमध्ये बघून भांडत होते,
अमेरिकेत कोण येणार, कोण पडणार,
एकानं तर शंभराची पैज लावली.
पोहेवाला म्हणाला, "आज पंचेचाळीस जाते म्हणतात, ताई."
मी मनातल्या मनात त्याचं फॅरनहाइट करायला घेतलं.
एकशे तेरा.
मग प्लेट हातात धरून नुसतीच उभी राहिले.