पोटखराबा

शिरपूरच्या भूमी अभिलेखात
कापडावर डकवलेलं आमचं गाव उलगडलं
तेव्हा तापी नेमकी घडीवर फाटलेली निघाली.

काठालगत हिरव्या शाईचे चार फटकारे,
पुढे कोरं कापड, आणि शब्द : पोटखराबा.
पाणकणसांचं रान, वाम माशांची बिळं,
टिटवीची अंडी, भोईवाड्याची पायवाट –
एवढ्याला मिळून एक शब्द.
आकार : शून्य.

सुपडू भोई चष्मा पुसत वाकला.
डोहांची नावं घेत त्याचं घामेजलं बोट
कोऱ्या कापडावरून चालत राहिलं,
मग थांबलं.
"आठे. कमरपावत गारामा
साखई धरीसन मना आजाना बाप उभा व्हता.
सायेब काठवर."

कारकून म्हणाला, हात नका लावू, डाग पडतो.

पडलाच होता. बोटाएवढा, ओला.
तो वाळेपर्यंत
आम्ही घडी घातली नाही.