चित्रामागचा मजकूर

अक्कलकोट रोडला यादगिरी येमूल यांच्या कारखान्यात
आठ माग चालू असले की बोलणं म्हणजे ओरडणंच,
म्हणून आम्ही दुपारी दीडला बसतो,
कामगार डबे सोडतात तेव्हा.

पुतण्यानं साइट करून दिली अम्मा, ते म्हणतात,
तीन वर्षं झाली, कुत्रं फिरकत नाही.

मी मोबाइलवर उघडते.
गोल फिरत राहतं.
यल्लव्वाची अर्धी कडक भाकरी संपते
तेव्हा कुठं एक सोनेरी हत्ती उडत येतो,
त्याच्या शेपटीला अक्षरं :
गुणवत्तेची अखंड परंपरा.
खाली फोन नंबर, पण चित्रातच कोरलेला,
बोट ठेवलं तर लागत नाही.

हत्ती काढू या.
हत्तीचे वेगळे हजार दिलेत, अम्मा.
तरी काढू.
पेढीवर आलेल्याला तुम्ही चहा सांगून थांबवता,
इथं चहा नाही.
इथं माणूस तीन मोजतो आणि शेजारच्या दुकानात जातो.

मग अडतो शब्दांवर.
त्यांना हवं सुप्रसिद्ध, त्यांना हवं अग्रगण्य.
मी विचारते, मागच्या आठवड्यात कोण आलं होतं?
लातूरचा लॉजवाला.
काय म्हणाला? त्याच्याच तोंडचं सांगा.
ते डोळे बारीक करतात :
"दगडावर आपटले तरी न विरणारे
पांढरे टॉवेल आहेत का, घाऊक?"
हेच लिहा की ओ.
अग्रगण्य कुणीच शोधत नाही.
रात्री अकराला काउंटरवर पेंगत
माणूस हेच टाइप करतो,
चुकलेल्या वेलांटीसकट.

राहिले फोटो. सगळ्यांची नावं नुसते आकडे.
प्रत्येकामागं एक ओळ लिहावी लागते, मी सांगते,
आत काय आहे ती.
शोधणाऱ्या यंत्राला धड दिसत नाही म्हणून,
आणि काही माणसांनाही.

कोपऱ्यातून आवाज येतो, इकडं आण.
रामय्या, यादगिरींचे वडील,
काचबिंदूनं नेले दोन्ही डोळे,
बोटं अजून कामावर.
मांडीवर चादर पसरून ते सांगतात, मी टाइप करते :
डबल बेडची. सुती. वजनाला चांगली.
रंग मला नको विचारू.
मेंदी, यल्लव्वा ओरडते, तोंडात घास.
काठाला मोर, सात.
तिसऱ्याची मान आखूड.
कार्डाचं भोक फाटलं होतं तिथं,
मी कागद डकवला लईनं,
रात्रपाळीला. कुणाला कळलं नाही.

यादगिरी उठतात.
चाळीस वर्षं विकलेल्या मोरांवरून बोट फिरवतात,
एक, दोन.
तिसऱ्यावर थांबतात. बराच वेळ.
हे लिहू नका, दोष आहे.
लिही, म्हातारा म्हणतो.

ओळ आखूड असावी असा नियम आहे.
ही नियमाबाहेर गेली.
मी तशीच ठेवली.
दोनला माग सुरू झाले, पुढचं काही ऐकू आलं नाही.

आता पान लगेच उघडतं.
शोधलं तर आम्ही दुसऱ्या पानावर, खालून चौथे.
वर कधी? यादगिरी रोज विचारतात.
सहा महिने धरा, मी म्हणते, आणि खरं लिहीत राहा.

फोन चार आले.
एक चुकून, दोन टॉवेलसाठी,
एक बार्शीहून, तिसऱ्या मोराचा.
हत्तीची चौकशी कुणी केली नाही.