तीन पेले

मंगळ, गुरू, शनी. शुक्रवार त्याला लागायचा, रविवार मला,
म्हणून हेच वार मागून घेतले दोघांनी.
धंतोलीतला दवाखाना, दुसरा मजला,
सात नंबरची खुर्ची गयासुद्दीनची, आठवी माझी.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं
आणि माणसाकडे फक्त तोंड उरतं.

तो मोमीनपुऱ्याचा विणकर. हातमाग गेला, मग पॉवरलूम,
बोटं मात्र अजून चादरीच्या काठाचं सूत मोजत.
मी अमोस भांबळ, अजनीचा,
बत्तीस वर्षं रेल्वेत सिग्नलला.

पहिल्याच महिन्यात चूक केली.
म्हणालो, खांब एक, दिवे तीन.
तो हसला. "लाल लागला का हिरवा कुठी जाते भांबळ?
तो बी ड्युटी बदलते का?"
मग मी त्याच्या धंद्याकडे वळलो: पदर तीन, पण धागा एकच ना?
"पीळ उलटा फिरवला का तिन्ही सुटतेत. मी रोज सोडत होतो.
त्याला माझ्या मागावर नको चढवू."
गप्प बसलो. खरं तर आमचे पाळकही
इथवर आले की घसा खाकरायचे.

पण मीही सोडणारा नव्हतो.
सुई टोचली की "बापा!", वजन वाढलं की "हाव बापा",
लिफ्ट बंद पडली तरी "काऊन बे बापा".
अख्ख्या नागपूरला बाप म्हणतोस,
एक त्यालाच तेवढा नाही?
तो बराच वेळ नळीतलं रक्त पाहत राहिला.
"बाप म्हातारा होते," म्हणाला. "माझा झाला.
शेवटी शेवटी मला ओळखे नाही.
त्याला त्या रांगेत कसा बसवू मी?"

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
आम्हाला दिवसाला पाणी तीन पेले, गोळ्यांचं धरून.
त्यात रमजान, आणि डॉक्टरनं त्याचे रोजे बंद केलेले.
"चाळीस वर्षं त्याच्यासाठी तहान ठेवली.
आता तहान तेवढीच हाय, पण ती कोणाच्या खात्यात नाही."
सिस्टर ढोमणेनं बर्फाचा एकेक खडा दिला.
तो विरघळेपर्यंत भांडण बंद.

मग मी ते बोललो, जे वादात आणायचं नव्हतं.
माझा देव तहानला होता, गयास.
लाकडावर. ओठ फुटलेले.
रात्री दोनला मी माठाजवळ उभा असतो, झाकण न काढता,
तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

"मी बी माठाजवळच असतो," तो सावकाश म्हणाला.
"पण जो तहानला, तो माझ्याच सारखा झाला ना बापा.
मले असा पाहिजे, ज्याले तहान शिवत नाही.
विहीरच तहानली,
तर दोर कुठी सोडू?"

यंत्र वाजलं. वैरागडे आला, बटण दाबलं, गेला.
मला उत्तर सुचलं ते परतीच्या बसमध्ये,
आणि ते उत्तर नव्हतं.

ईद झाली. शनिवारी सातव्या खुर्चीत
उमरेडचा एक पोरगा होता, कानात वायर.

कब्रस्तानात नातवानं जागा दाखवली.
माती अजून बसली नव्हती.
मला प्रार्थना एकाच शब्दानं सुरू करता येते
आणि नेमका तोच त्याला पटला नसता.
पाहुणा म्हणून तेवढा गाळायचा ठरवला.
गाळला, तर पुढचं वाक्य उभंच राहीना.
ऊन डोक्यावर. नातू कडुनिंबाखाली, मोबाइलमध्ये.
मग तोंडून निघालं ते साधं, इथलं, रोजचं:
"काय हे बापा."

कोणाला म्हणालो, ते नातवानंही विचारलं नाही.
घसा कोरडा पडला होता.
तीन पेल्यांतला एक अजून बाकी होता.